गुलामगिरीतून निसटलेल्यांची आत्मचरित्रं: पुरावा म्हणून कशी वाचायची?

पुराभिलेख

अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटून पुढे लेखक आणि वक्ता झालेल्या फ्रेडरिक डग्लसच्या १८४५ च्या आत्मचरित्रात मेरीलँडच्या मळ्यावरचा शिधा मोजून दिलेला आहे. मोठ्या माणसाला महिन्याला आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढेच मासे, आणि एक बुशेल (धान्याचं एक माप) मक्याचं पीठ. वर्षाचे कपडे म्हणजे जाड्याभरड्या लिननचे दोन सदरे, एक विजार, एक जाकीट, थंडीसाठी आणखी एक विजार, मोज्यांचा एक जोड आणि बुटांचा एक जोड. सगळं मिळून सात डॉलरच्या आत. शेतात न राबणाऱ्या मुलांना वर्षाला फक्त दोन सदरे. ते फाटले की पुढचं वाटप होईपर्यंत मुलं उघडीच.

हा हिशोब इतका बारीक का, हा प्रश्न मला या पुस्तकांच्या मुळाशी नेणारा वाटतो. गुलामगिरी असलेल्या राज्यांत गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष कोर्टात चालत नसे. पुस्तक हाच साक्षीदाराचा पिंजरा होता, आणि उलटतपासणी घ्यायला देशातला प्रत्येक गुलाममालक टपलेला. म्हणून मालकांची खरी नावं, परगणे, मुकादमांचे स्वभाव, अंतरं, दर, सगळं लिहिलेलं असतं. ज्याला खोटं पाडायचं असेल त्याने जाऊन बघावं.

आणि तसं झालंही. ए. सी. सी. थॉम्प्सन नावाच्या, त्या भागात राहून गेलेल्या गोऱ्या गृहस्थाने डेलावेअरच्या वर्तमानपत्रात लिहिलं की हे पुस्तक धादांत खोटं आहे. या माणसाला मी फ्रेडरिक बेली (डग्लसचं मूळ नाव) म्हणून ओळखत होतो आणि असलं काही लिहिण्याची त्याची कुवत नव्हती. डग्लसने त्याचे जाहीर आभार मानले. गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडच्या राज्यांत त्याची भाषणं ऐकणारे लोक "हा कधी गुलाम होता तरी का?" असं विचारत होते, आणि आता खुद्द विरोधकानेच तो गुलाम असल्याची ग्वाही दिली होती.

पण याची किंमत होती. नावं दिली नाहीत तर पुस्तक खोटं ठरणार, दिली तर लेखक पकडला जाणार. पुस्तक आल्यावर काही महिन्यांत, ऑगस्ट १८४५ मध्ये, डग्लसला ब्रिटनला जावं लागलं. १८४६ च्या अखेरीस तिथल्या मित्रांनी १५० पौंड, म्हणजे सुमारे ७११ डॉलर भरून त्याला मालकाकडून कायदेशीर सोडवलं, तेव्हा कुठे तो निर्धास्तपणे परतू शकला.

आज ही पुस्तकं "हृदयद्रावक" म्हणून वाचली जातात आणि तिथेच सोडली जातात. मला वाटतं त्यांचं टिकणारं मोल या तपासता येण्याजोग्या बारकाव्यांत आहे. कोणती आवृत्ती घ्यावी, तपासणी कशी करावी, वाचताना कुठे फसगत होते, यावर जाणकारांनी लिहावं.

---

रानजाई

फार गरजेचा धागा. डग्लसपासूनच सुरुवात करते, कारण "डग्लसचं आत्मचरित्र" असं एकवचनात म्हणण्यात घोळ आहे. त्याची तीन आत्मचरित्रं आहेत: १८४५ चं छोटं, १८५५ चं चारशेहून जास्त पानांचं, आणि १८८१ चं, जे त्याने १८९२ मध्ये आणखी वाढवलं. बाजारात आणि जालावर पटकन मिळतं ते पहिलं.

पहिल्या पुस्तकाला गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या गॅरिसनची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्सचं पत्र आहे. काळ्या लेखकासाठी गोऱ्यांनी दिलेली ही जामीनपत्रंच. दुसऱ्या पुस्तकाची प्रस्तावना जेम्स मॅक्यून स्मिथ या काळ्या डॉक्टरने लिहिलेली आहे. मधल्या दहा वर्षांत काय बदललं ते एवढ्यावरूनही कळतं. वाचताना माझा क्रम असा: आधी लेखकाचा मजकूर, मग त्याची परिशिष्टं, आणि प्रस्तावना सगळ्यांत शेवटी. उलट केलं की पूर्ण पुस्तक प्रस्तावनाकाराच्या चष्म्यातून दिसतं.

तिन्हींची तुलना करायला सगळ्यांत चांगली जागा म्हणजे पलायनाचं प्रकरण. १८४५ मध्ये डग्लस ते सांगतच नाही. का सांगत नाही तेही लिहितो: मदत करणारे गोत्यात येतील आणि मागून येणाऱ्यांची वाट बंद होईल. १८५५ मध्येही तोंड मिटलेलं. थेट १८८१ मध्ये, गुलामगिरी संपून सोळा वर्षं झाल्यावर, सगळं सांगतो.

३ सप्टेंबर १८३८. अंगात खलाशाचा लाल सदरा, डोक्यावर मेणकापडी टोपी, गळ्यात काळा रुमाल. खिशात एका स्वतंत्र काळ्या खलाशाचा उसना दाखला, वर अमेरिकन गरुडाचं चित्र. दाखल्यातलं वर्णन डग्लसशी जुळत नव्हतं. तिकीट खिडकीवर घ्यायला गेला असता तर तिथे वर्णन ताडून पाहिलं असतं, म्हणून सामान मित्राकरवी आणवलं आणि सुटत्या गाडीत उडी मारून तिकीट डब्यातच काढलं. कंडक्टरने गरुड पाहिला, वर्णन वाचलं नाही. पुढे सस्क्वेहॅना नदी होडीने, विल्मिंग्टनपर्यंत पुन्हा रेल्वे, फिलाडेल्फियापर्यंत आगबोट, तिथून न्यूयॉर्क. २४ तासांच्या आत बाल्टिमोर ते न्यूयॉर्क.

हे १८४५ मध्ये छापलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक काळ्या खलाशाचा दाखला शब्दन् शब्द वाचला गेला असता. म्हणून या पुस्तकांत जिथे मजकूर अचानक थांबतो तिथे "लेखकाला आठवत नसेल" असं समजू नये. बहुतेक वेळा तिथे कोणीतरी जिवंत माणूस असतो.

---

दप्तरदार

रानजाई, अगदी बरोबर. याची उलट बाजू म्हणजे हेन्री 'बॉक्स' ब्राउन. मार्च १८४९ मध्ये त्याने स्वतःला खोक्यात बंद करून रिचमंडहून फिलाडेल्फियाला पार्सल केलं. खोकं तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट आठ इंच खोल. सोबत पाणी, थोडी बिस्किटं आणि हवेला भोक पाडण्यासाठी गिरमिट. प्रवास २७ तासांचा. "ही बाजू वर" असं लिहूनही खोकं वाटेत उलटं ठेवलं गेलं आणि तो बराच वेळ डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत होता. कामावरून सुट्टी मिळावी म्हणून त्याने आधी तीव्र आम्लाने बोट हाडापर्यंत भाजून घेतलं होतं.

ही हकिगत त्याच वर्षी छापून आली आणि गाजली. खोकं बंद करून देणाऱ्या सॅम्युएल स्मिथने पुढे आणखी माणसं अशीच पाठवायचा प्रयत्न केला, तो पकडला गेला आणि तुरुंगात गेला. डग्लसने १८५५ च्या पुस्तकात याबद्दल उघड नाराजी लिहिली आहे: गाजावाजा झाला नसता तर दरवर्षी असे हजार ब्राउन सुटले असते.

आता तपासणीच्या पद्धतीबद्दल. माझ्या मते यातलं सगळ्यांत शिकण्यासारखं प्रकरण गुलामगिरीतून निसटलेल्या हॅरिएट जेकब्ज या लेखिकेचं आहे.

पुस्तक १८६१ मध्ये बॉस्टनला आलं. मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव नाही, फक्त संपादक लिडिया मारिया चाइल्ड. कथा सांगणारी 'लिंडा ब्रेंट', मालक 'डॉक्टर फ्लिंट', सगळी नावं बदललेली. परिणाम असा की शंभराहून अधिक वर्षं अनेक अभ्यासकांनी ती चाइल्डने लिहिलेली कादंबरी मानली. १९७२ मध्ये जॉन ब्लासिंगेमसारख्या मोठ्या इतिहासकारानेही ते विश्वासार्ह नाही असं लिहिलं. घराच्या पोटमाळ्यावर, नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच जागी तीन फूट अशा पोकळीत एक बाई जवळजवळ सात वर्षं लपून राहिली, हे कुणाला खरं वाटेना.

अभ्यासक जीन फेगन येलिन यांनी १९८० च्या दशकात ते सिद्ध केलं. जेकब्जने आपली मैत्रीण एमी पोस्ट हिला लिहिलेली पत्रं रॉचेस्टर विद्यापीठात होती. पत्रांतली भाषा, लेखनाचे टप्पे, पुस्तकाबद्दलची धास्ती हे सगळं ताडून पाहिल्यावर लेखिका कोण हा प्रश्न मिटला. मग नॉर्थ कॅरोलायनातल्या एडेंटन गावाची कागदपत्रं. फ्लिंट म्हणजे डॉ. जेम्स नॉरकॉम. तिच्या मुलांचा बाप 'सँड्स' म्हणजे सॅम्युएल ट्रेडवेल सॉयर, जो पुढे अमेरिकन काँग्रेसमध्ये गेला. नॉरकॉमने १८३५ मध्ये दिलेली फरारी गुलामाची जाहिरातही सापडली. पुस्तकात इनाम ३०० डॉलर आहे, खऱ्या जाहिरातीत १००. असा फरक सापडला की काही वाचक लगेच "बघा, खोटं" म्हणतात. फरक नोंदवायचा, पण मुख्य दावा कशावर उभा आहे ते पाहायचं: जाहिरात दिली गेली, त्या वर्षी दिली गेली, त्याच मालकाने दिली.

जेकब्जच्या पुस्तकातलं मला फार महत्त्वाचं वाटणारं एक प्रकरण पत्रांचं आहे. पोटमाळ्यावरूनच ती मालकाला पत्र लिहिते आणि ते न्यूयॉर्कहून टपालात पडेल अशी सोय करते. पत्ता खरा वाटावा म्हणून न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राच्या एका तुकड्यातून रस्त्याचं नाव उचलते. मालक तिला शोधायला आधीच न्यूयॉर्कपर्यंत जाऊन आलेला असतो, ती मात्र त्याच्या गावातच असते. नॉर्थ कॅरोलायनात १८३० पासून गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. तो कायदा कशाला घाबरत होता ते या एका प्रकरणातून कळतं.

---

अनुस्वार

खूप माहिती मिळते आहे. एक शंका. यांतली बरीच पुस्तकं तोंडी सांगून दुसऱ्याने लिहिलेली आहेत ना? मग ती "आत्मचरित्र" म्हणून किती धरायची?

---

दप्तरदार

अनुस्वार, सरसकट उत्तर नाही, पुस्तकागणिक पाहावं लागतं. तीन उदाहरणं देतो.

सॉलोमन नॉर्थपचं १८५३ चं पुस्तक डेव्हिड विल्सन या गोऱ्या वकिलाने शब्दबद्ध केलं. तरी ते तपासणीत अतिशय पक्कं ठरलं. १९६८ मध्ये स्यू ईकिन आणि जोसेफ लॉग्सडन यांनी लुइझियानातले मळे, खरेदीखतं, कोर्टाचे कागद यांच्याशी ताडून टीपांसह आवृत्ती काढली. नॉर्थप मुळात न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र माणूस. १८४१ मध्ये वॉशिंग्टनला पळवून नेऊन विकला गेला. ज्या 'ऑर्लीन्स' जहाजातून त्याला दक्षिणेला नेलं त्याच्या यादीत 'प्लॅट हॅमिल्टन' ही नोंद आहे, म्हणजे विकताना त्याच्यावर लादलेलं नाव.

दुसरं मेरी प्रिन्सचं, लंडन १८३१. बर्म्युडात जन्मलेली, टर्क्स बेटांवरच्या मिठागरांत खाऱ्या पाण्यात उभी राहून राबलेली. पायांना फोड आणि खोल जखमा. तिने सांगितलं, सुझाना स्ट्रिकलंडने लिहून घेतलं, थॉमस प्रिंगलने संपादन केलं. पुस्तकावरून १८३३ मध्ये अब्रुनुकसानीचे खटले झाले. साक्षीत तिने एका कॅप्टनबरोबरच्या आपल्या संबंधांबद्दल सांगितलं आणि हे मी लिहून घेणारीलाही सांगितलं होतं असंही. पुस्तकात ते नाही. चर्चच्या वाचकांपुढे साक्षीदार 'निष्कलंक' हवी होती, म्हणून बाईच्या आयुष्यातला एवढा भाग गाळला गेला. मजकूर खोटा नाही, पण कात्री कोणाच्या हातात होती हे लक्षात ठेवून वाचायला हवं.

तिसरं फसलेलं: जेम्स विल्यम्सचं, १८३८. गुलामगिरीविरोधी संस्थेने छापलं, मालकांच्या बाजूच्या वर्तमानपत्रांनी नावं-ठिकाणं जुळत नाहीत हे दाखवलं, संस्थेला विक्री थांबवावी लागली. याचा धसका पुढच्या सगळ्यांनी घेतला. सात वर्षांनी डग्लस प्रत्येक नाव जपून आणि खरं का देतो, त्याचं एक कारण हे.

ज्यांना स्वतः ताडून पाहायचं आहे त्यांच्यासाठी काही व्यवहारी गोष्टी. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांचे वेगळे तक्ते आहेत, पण त्यात जवळजवळ कुठेच गुलामांची नावं नाहीत; मालकाच्या नावाखाली वय, लिंग, वर्ण एवढंच. नाव शोधत बसणारे तिथेच अडकतात. वय आणि लिंग जुळलं तर तो फक्त पूरक पुरावा. नावं मिळतात ती मालकाच्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत, गुरं आणि अवजारांच्या शेजारी, किमतीसकट. मालकांच्या खासगी वह्याही पाहाव्यात. डग्लसला आपलं जन्मवर्ष १८१७ वाटत होतं. त्याचे चरित्रकार डिक्सन प्रेस्टन यांनी १९८० मध्ये दाखवलं की मालक ॲरन अँथनीच्या वहीत फेब्रुवारी १८१८ आहे. समुद्रमार्गे विक्रीला नेलेल्यांसाठी जहाजांच्या याद्या, ज्यांत नाव, वय, उंची असते. आणि १८७० ची जनगणना, जिच्यात मुक्त झालेले लोक पहिल्यांदा नावाने येतात. तिथे आडनाव बदललेलं असू शकतं. खुद्द डग्लस आधी बेली, मग स्टॅनली, मग जॉन्सन होता.

---

सरकी

नॉर्थपचं नाव आलं म्हणून कापसाच्या अंगाने लिहितो. लुइझियानातल्या बायू बफ भागातल्या मळ्यावरची वेचणी त्याने जशी मांडली आहे तशी शेतीच्या कुठल्या सरकारी अहवालातही सापडणं कठीण.

वेचणी ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते. प्रत्येकाच्या गळ्यात पट्ट्याने अडकवलेली पिशवी, ओळीच्या सुरुवातीला मोठी टोपली. नव्या माणसाला पहिल्या दिवशी चाबकाच्या धाकाने जेवढं वेचता येईल तेवढं वेचायला लावतात. रात्री वजन होतं. तोच त्याचा आकडा. त्यानंतर रोज तेवढं आलंच पाहिजे. साधारण माणसाचं दिवसाचं काम २०० पौंड, म्हणजे ९० किलोच्या आसपास, सरकीसकट. पॅट्सी नावाची बाई ५०० पौंडांपर्यंत वेचायची.

संध्याकाळी जिनघरात टोपली तराजूवर जाते तेव्हाची भीती दोन्हीकडून आहे, आणि हे नॉर्थप नेमकं पकडतो. वजन कमी भरलं तर फटके. दहा-वीस पौंड जास्त भरलं तर उद्यापासून आकडा तेवढा वर. म्हणजे मेहनत करून सुटका नाही, अंगचोरी करून तर नाहीच. हे मालकांच्या हिशोबवहीतून कळणार नाही. तिथे फक्त रोजचे पौंड असतात.

आज चालू असलेल्या एका मोठ्या वादात ही पानं मध्यभागी आहेत. १८०१ ते १८६२ या काळात माणशी रोजची वेचणी सुमारे चौपट झाली. ॲलन ओल्मस्टेड आणि पॉल रोड हे अर्थशास्त्रज्ञ याचं श्रेय मुख्यतः बोंडं मोठी आणि वेचायला सोपी असलेल्या नव्या वाणांना देतात. इतिहासकार एडवर्ड बॅप्टिस्ट म्हणतो की छळाच्या जोरावर आकडा वर ढकलला गेला, आणि त्यासाठी तो या आत्मचरित्रांचा आधार घेतो. माझं मत: वाणाचा वाटा नाकारता येणार नाही, आकडेवारी भक्कम आहे. पण वाणामुळे जास्त वेचणं शक्य झालं, ते रोज काढून घेतलं कसं याचं उत्तर नॉर्थपकडे आहे.

शिध्याची तुलनाही करून पाहा. नॉर्थपकडे आठवड्याला साडेतीन पौंड खारवलेलं डुकराचं मांस, म्हणजे महिन्याला सुमारे १५ पौंड. डग्लसकडे महिन्याला आठ. एक लुइझियानाचा कापसाचा मळा, दुसरा मेरीलँडचा. "गुलामांना इतकं मिळायचं" असं एकच वाक्य लिहिणाऱ्या लेखांपासून सावध राहावं.

---

नीलमोहर

आपल्याकडचा दुवा कुणीतरी नोंदवायला हवा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, निग्रोंच्या मुक्तीसाठी त्यांनी निःस्वार्थपणे जे केलं त्याबद्दल. तेव्हा डग्लस हयात होता, जेकब्जही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकन निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या अर्जाची प्रत मागितली.

दलित आत्मकथनं वाचलेल्या मराठी वाचकाला ही पुस्तकं एका बाबतीत सोपी जातील: भुकेचा, कपड्यांचा, वाटपाचा हिशोब हाच मजकुराचा कणा असतो याची त्याला सवय आहे. पण दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत. डग्लस, जेकब्ज ज्या वेळी लिहीत होते तेव्हा त्यांच्यावर कायद्याने मालकी सांगता येत होती. १८५० च्या फरारी गुलाम कायद्याखाली पकडलेल्याला स्वतःची साक्ष देता येत नसे, आणि प्रकरण ऐकणाऱ्या सरकारी आयुक्ताने त्याला मालकाकडे परत पाठवलं तर आयुक्ताला १० डॉलर, सोडलं तर ५ डॉलर. हॅरिएट जेकब्जला १८५२ मध्ये ३०० डॉलर भरून विकत घेऊन सोडवावं लागलं. आपण विकले गेलो, तेही न्यूयॉर्कमध्ये, याचा तिला आलेला राग पुस्तकात स्वच्छ लिहिलेला आहे.

---

अनुस्वार

सगळ्यांचे आभार. तोंडी सांगण्याबद्दल अजून एक विचारते. १९३० च्या दशकात म्हाताऱ्या माजी गुलामांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, त्या याच पंगतीत बसतात का?

---

पुराभिलेख

बसतात, पण वेगळ्या पाटावर. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेत २,३०० हून अधिक लोकांच्या मुलाखती झाल्या. त्या अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत आणि जालावर फुकट वाचता येतात. सांगणारे बहुतेक ऐंशीच्या पुढचे, म्हणजे गुलामगिरीत असताना लहान मुलं. मंदीचे दिवस, म्हातारपणी सरकारी मदतीची आशा, समोर बहुधा गोरा सरकारी माणूस, अनेकदा त्याच गावचा. उच्चार दाखवण्यासाठी वाकडंतिकडं स्पेलिंग वापरायची पद्धतही होती, त्यामुळे सांगणारा अडाणी वाटतो. तो दोष लिहून घेणाऱ्याचा.

वाचायला सुरुवात करायची तर चार्ल्सटनच्या सुझन हॅमलिनपासून करा. त्यांची मुलाखत दोनदा झाली. गोऱ्या जेसी बटलरबाईंना त्यांनी मालक कसा चांगला होता ते सांगितलं. काळ्या ऑगस्टस लॅडसनने विचारलं तेव्हा फटके, विक्री, आईपासून तोडलेली मुलं हे सगळं आलं. दोन्ही मुलाखती उपलब्ध आहेत. आधी बटलरबाईंची वाचा, मग लॅडसनची, आणि मग पहिली पुन्हा एकदा.